नवख्याने बेटिंगचं खातं कुठे उघडावं?

प्रश्न लेस्टरहून आला आहे. मुलगा आपल्या जुळे सोलापुरातला, एमएस्सीसाठी तिकडे गेलेला. लिहितो: "काका, इथे माझ्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये बेटिंगचं कुठलं ना कुठलं ॲप आहे. एक म्हणतो, नवीन माणसाला मोठ्या नावाचं साधं ॲप बरं. दुसरा म्हणतो, सरळ एक्स्चेंजवर जा, म्हणजे जिथे खेळणारेच एकमेकांविरुद्ध पैज लावतात, तिथे भाव चांगला मिळतो. मला क्रिकेट कळतं. भारतात असताना फँटसी टीम लावायचो, बऱ्यापैकी जिंकलोही होतो. माझ्या अनुभवाला कोणतं ॲप बसेल? आणि सोलापूरच्या माझ्या मित्राला टेलिग्रामवर एक लिंक मिळाली होती, त्या ॲपमध्ये त्याचे पैसे अडकलेत. त्याने काय करावं?"

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एका परवानाधारक बुकमेकरकडे, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपनीकडे, भाव काढण्याचं आणि गिऱ्हाइकांची जोखीम बघण्याचं काम केलं. आता सोलापुरात असतो. काउंटरच्या आतल्या बाजूने हा धंदा कसा दिसतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे उत्तर त्याच बाजूने देतो.

आधी तुझा अनुभव किती ते बघू, कारण तिथेच गफलत आहे. फँटसीमध्ये तू इतर खेळणाऱ्यांविरुद्ध होतास. कंपनी गोळा झालेल्या पैशातून आपला वाटा काढून घ्यायची आणि उरलेले तुमच्यात वाटायची. समोरचा तुझ्यापेक्षा कच्चा निघाला की तू जिंकलास. बुकमेकरकडे तुझ्यासमोर कंपनीच असते. तिच्याकडे भाव काढणारी माणसं आहेत, सॉफ्टवेअर आहे, मैदानावरून थेट येणारी माहिती आहे. "सामना कोण जिंकेल" हा तिचा प्रश्नच नसतो. "या निकालाची शक्यता किती, आणि त्यावर आपण किती कमी पैसे देऊन भागवू शकतो" एवढंच ती बघते. क्रिकेट कळणं आणि भाव कळणं ही दोन वेगळी कामं. पार्क मैदानावर पॅड बांधून वाढलेली, बॅटची धार कुठे लागली ते आवाजावरून सांगणारी मुलं मला माहीत आहेत, १.८० चा भाव म्हणजे किती टक्के शक्यता, असं विचारलं की ती गप्प होतात. (१.८० म्हणजे एक पौंड लावून जिंकलास तर मूळ धरून १.८० हातात. शक्यता ५५.५६ टक्के. एकाला भावाने भागायचं, बस्स.) तेव्हा बेटिंगपुरता तू नवखाच आहेस, फँटसीत कितीही जिंकला असलास तरी.

आता निवडीबद्दल. तुला वाटतं, तू ॲप निवडतो आहेस. पण तू खातं उघडलंस की कंपनीही तुझी प्रतवारी सुरू करते. कुठल्या प्रकारच्या पैजा लावतोस, किती वाजता लावतोस, तू लावल्यावर भाव कुठल्या दिशेने सरकतो, बोनस संपल्यावर थांबतोस का, हे सगळं नोंदलं जातं. आमच्या विभागात प्रत्येक खात्यापुढे एक गुणक असायचा. कच्च्या गिऱ्हाइकाला पूर्ण रक्कम लावायची मुभा. ज्याचा हात बसलेला दिसतो त्याचा गुणक खाली आणायचा, मग त्याने शंभर पौंड टाकले की पडद्यावर "कमाल ४ पौंड" असं यायचं. इंग्लंडमध्ये हे कायद्याला धरून आहे, बुकमेकरवर पैज घेण्याची सक्ती नाही. म्हणून "नवख्यांसाठी उत्तम" म्हणून ज्या ॲपची जाहिरात होते, त्याला नवखे हवेच असतात, हे डोक्यात ठेव. त्यांच्यावरच तर ते चालतं.

पहिली चाळणी परवान्याची, आणि तिच्यात नवखा-जुना असा भेद नाही. तू ग्रेट ब्रिटनमध्ये आहेस, तिथे २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टखाली गॅम्बलिंग कमिशन परवाने देतं. २०१४ च्या दुरुस्तीपासून कंपनी जिब्राल्टरला असो की माल्टाला, ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाकडून पैज घ्यायची तर तिला याच कमिशनचा परवाना लागतो. साइटच्या अगदी तळाशी परवान्याचा क्रमांक असतो. त्यावर नुसतं टिचकी मारून समाधान मानू नकोस, कारण चोर साइट खोट्या पानावरही नेऊ शकते. कमिशनची सार्वजनिक नोंदवही वेगळी उघड आणि तिथे कंपनीच्या नावापुढे हीच साइट नोंदलेली आहे का ते बघ. कुरासाओचा किंवा आणखी कुठल्या बेटाचा परवाना दाखवणारी साइट तुझ्या कामाची नाही, भाव कितीही गोड असला तरी. वाद झाला तर तिथे तुला विचारणारं कोणी नाही. कमिशनच्या परवान्याची कंपनी असेल तर आधी तिच्याकडे तक्रार करायची. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर आयबाससारख्या लवाद संस्थेकडे फुकट जाता येतं.

अर्थात परवाना म्हणजे तुझ्या पैशाची हमी नव्हे. २०२१ मध्ये फुटबॉल इंडेक्स नावाची परवानाधारक कंपनी बुडाली आणि लोकांचे पैसे अडकले. गिऱ्हाइकाचे पैसे कंपनी बुडाल्यास किती सुरक्षित, हे प्रत्येक कंपनीला शर्तींमध्ये सांगावं लागतं: असुरक्षित, मध्यम किंवा उच्च. बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांपुढेही तुला खालची पायरी दिसेल. उपाय सोपा आहे, खात्यात शिल्लक साठवू नकोस. आपली बँक ती नव्हे.

खातं उघडताना आपल्या मुलांची एक अडचण हमखास होते, ती सांगून ठेवतो. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव असतं. तिकडच्या बँकेने खातं उघडताना ते कधी धरलेलं असतं, कधी गाळलेलं. ब्रिटनमध्ये मे २०१९ पासून वय आणि ओळख पटल्याशिवाय पैज घेता येत नाही, त्यामुळे ॲपवर एक नाव, कार्डवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असलं की पडताळणीत घोडं अडतं. कधी भरताना अडत नाही आणि काढताना अडतं, ते जास्त वाईट. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं नाव घाल, पत्ता आताचाच घाल, कार्ड स्वतःचंच वापर. मित्राच्या कार्डावरून भरलेस तर कंपनी पैसे अडवू शकते. क्रेडिट कार्डाचा प्रश्नच नाही, एप्रिल २०२० पासून तिथे जुगाराला ते बंद आहे. आणि हे सगळं आटपलं की दहा पौंड भर आणि एकही पैज न लावता काढायला टाक. काही कंपन्या भरलेली रक्कम एकदा तरी लावा म्हणतात, तर एक छोटी पैज लावून काढ. किती तासांत बँकेत येतात, किती वेळा "जरा थांबा, खेळा ना" असं पुढे येतं, हे या एका चाचणीत कळतं. जाहिरात बघून कळत नाही ते इथे कळतं.

आता भाव. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ॲप नवख्याचं की जाणत्याचं हे त्याच्या रंगरूपावरून ठरत नाही, या हिशोबावरून ठरतं.

समजा टी-ट्वेंटी सामना आहे. एका ॲपवर भाव आहेत १.८० आणि २.००. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढ. १ भागिले १.८०, म्हणजे ५५.५६ टक्के. १ भागिले २.००, म्हणजे ५०. बेरीज १०५.५६. खरी शक्यता शंभराच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे वरचे साडेपाच हा कंपनीचा गाळा, तिने भावातच काढून ठेवलेला नफा. दुसऱ्या ॲपवर त्याच सामन्याला १.८३ आणि २.०८ आहेत: ५४.६४ अधिक ४८.०८, बेरीज १०२.७२. तू वर्षभरात दहा-दहा पौंडांच्या शंभर पैजा लावल्यास, आणि तुझं डोकं बाजाराइतकंच चाललं, जास्त नाही, कमी नाही, तर पहिल्या ॲपवर सरासरीने सुमारे ५३ पौंड जातील, दुसऱ्यावर सुमारे २६. क्रिकेट तेच, पैजा त्याच, नुकसान निम्मं. रंगीत ॲप, थेट प्रक्षेपण, "रोजची स्पिन" या सगळ्याचे पैसे त्या फरकातून निघतात.

हीच बेरीज "सर्वाधिक धावा कोण करेल" या बाजारावर करून बघ. दहा-अकरा नावं असतात, बेरीज सहज ११५-१२० पर्यंत जाते. आणि चार सामने एकत्र बांधून लावायची जी मोठी पैज असते, तिच्यात तर गाळ्यावर गाळा चढतो. चारही सामने अगदी बरोबरीचे, खरा भाव प्रत्येकी २.००, कंपनी देते १.९०. चौघांचा खरा गुणाकार १६ आणि तुला मिळतो १३.०३. एकट्या सामन्यावर शंभरातले पाच जात होते, इथे साडेअठरा जातात. ॲप उघडल्यावर सर्वात वर, सर्वात मोठ्या अक्षरांत याच बांधलेल्या पैजा का दिसतात ते आता तुझ्या लक्षात येईल. आमच्याकडे पहिल्या पानावर काय ठेवायचं हे गाळा बघूनच ठरायचं.

सोलापुरात सामन्याच्या दिवशी कानावर पडणारे भाव तुला आठवत असतील, "मुंबई सत्तर-बहात्तर" वगैरे. त्याचा अर्थ, मुंबईवर लावलास तर रुपयामागे सत्तर पैसे मिळणार. खाल्लंस, म्हणजे मुंबई हरेल असं धरलंस, तर मुंबई जिंकल्यावर बहात्तर पैसे द्यायचे आणि हरली तर रुपया घ्यायचा. दशांशात मांडलं तर मुंबई १.७० आणि समोरचा संघ २.३९ च्या आसपास. बेरीज करून बघ: १००.६८. पाऊण टक्कासुद्धा गाळा नाही! लंडनच्या मोठ्या कंपनीपेक्षा गल्लीतला भाव चांगला. मग तिथेच का खेळू नये, असं मला इथे तरुण पोरं विचारतात. एक तर तो गुन्हा आहे. दुसरं, त्या बारीक गाळ्यावर तो बुकी जगतच नाही, तो जगतो सेशनवर, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या पैजांवर, आणि उधारीवर. पैसे आधी भरायचे नसतात, म्हणून माणूस खिशाबाहेर खेळतो. हिशोब दुसऱ्या दिवशी होतो, आणि वसुलीला येणाऱ्याला तुझा आठवड्याचा पगार कधी होतो ते माहीत असतं. भाव हा निवडीचा एक भाग झाला. हरल्यावर कोण दारात येणार आणि जिंकल्यावर कोण देणार, हा दुसरा. परवान्याच्या कंपनीत दोन्ही गोष्टी कागदावर असतात, त्यासाठी तू जास्त गाळा मोजतोस. तेवढा मोजावा.

बोनसबद्दल थोडक्यात. "दहा लावा, तीस मिळवा" यातले तीस हे पैसे नसतात, फुकट पैजा असतात, आणि फुकट पैज जिंकली तरी मूळ रक्कम परत येत नाही, फक्त नफा येतो. दहा पौंडांची फुकट पैज १.५० च्या भावाला लावलीस तर जिंकून पाच मिळणार. म्हणजे कागदावर दहा, हातात सरासरीने तीन-सव्वातीन. मोठ्या भावाला लावली तर सरासरी सात-आठपर्यंत जाते, पण बहुतेक वेळा हातात शून्यच येतं. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून बोनसची रक्कम दहापटीहून जास्त फिरवायला लावता येत नाही आणि खेळाच्या बोनसबरोबर कॅसिनो गळ्यात बांधता येत नाही. पूर्वीपेक्षा बरं आहे. तरी बोनससाठी ॲप निवडू नकोस. निवडलेल्या ॲपवर मिळाला तर घे, तारीख लिहून ठेव.

तर तुझ्या पायरीला काय हवं? फार काही नको. परवाना, कमी गाळा, पटकन पैसे काढता येणं, आणि कॅसिनोचं दार पहिल्या पानावर उघडं नसणं. शेवटचं मी मुद्दाम म्हणतो. खेळाच्या बेटिंगमधूनही माणूस बुडू शकतो, पण सामन्यावरच्या पैजेला सामना संपेपर्यंत थांबावं तरी लागतं. त्याच ॲपमधल्या स्लॉटवर, म्हणजे चित्रं फिरवून लावायच्या जुगारावर, काही सेकंदांत पुढची पैज लागते. एक्स्चेंजवाल्या काही साइट या बाबतीत साध्या असतात, काही मोठ्या बुकमेकरांत कॅसिनोचा भाग बंद करून ठेवण्याची सोय असते. ती सापडते का ते आधी शोध. ठेवीची मर्यादा पहिल्याच दिवशी घाल. तिथे ती खाली आणली की लगेच लागू होते आणि वर न्यायची म्हटली तर थांबावं लागतं, नियम मुद्दाम तसा केलाय. आकडा आठवड्याच्या वीस तासांच्या कामातून ठरव. वडिलांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा त्यात एक पौंडही यायला नको.

आणि चालू सामन्यात पैज लावू नकोस, निदान आत्ता तरी. तू मोबाईलवर जे बघतोस ते मैदानापेक्षा बरेच सेकंद मागे असतं. आमच्या पडद्यावर विकेट पडलेली असायची, भाव बंद झालेला असायचा, आणि गिऱ्हाईक अजून गोलंदाजाचा रनअप बघत असायचं. शिवाय पैज स्वीकारायला मुद्दाम काही सेकंद थांबलं जातं. त्या वेळात तुझ्या बाजूने काही घडून भाव सरकला तर पैज नाकारली जाऊ शकते. लबाडी म्हण किंवा धंदा म्हण, नियमात लिहिलेलं असतं.

नियमांचं पान कोणी वाचत नाही, पण क्रिकेटचं एवढं वाच: पाऊस पडून षटकं कमी झाली तर डावाच्या धावांवरच्या पैजेचं काय, सामना टाय झाला तर सुपर ओव्हर धरायची का, आणि दोघांच्या सर्वाधिक धावा सारख्या झाल्या तर काय. शेवटच्या बाबतीत नवखे फार चिडतात. चारच्या भावाने दहा पौंड लावले, तुझा फलंदाज आणि दुसरा दोघंही ६१ वर. तुला वाटतं चाळीस येणार, येतात वीस. बरोबरी झाली की रक्कम अर्धी धरतात, पाच गुणिले चार. ही फसवणूक नाही, सगळीकडे हीच पद्धत आहे. पण आधी माहीत असलेलं बरं.

आता तुझा तो दुसरा मित्र, एक्स्चेंजवाला. तो चूक नाही. बेटफेअर २००० साली सुरू झालं तेव्हापासून हा प्रकार आहे, स्मार्केट्स वगैरे नंतर आले. आपल्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव बघितला असशील: अडत्या कांदा स्वतः घेत नाही, घेणारा-देणारा जुळवतो आणि आपली अडत कापतो. एक्स्चेंजचं तसंच. तिथे समोर दुसरा खेळणारा असतो आणि कंपनी जिंकणाऱ्याच्या नफ्यातून दोन ते पाच टक्के घेते. मोठ्या सामन्यात भाव बुकमेकरपेक्षा सरस असतो. २.०० च्या भावावर पाच टक्के अडत गेली तरी हातात १.९५ पडतात, बुकमेकर १.९० देत असेल तर फरक स्वच्छ आहे. शिवाय तू जिंकायला लागलास म्हणून कोणी तुझी रक्कम चारवर आणत नाही, कारण हरणारी कंपनी नसते.

तरी तुला मी लगेच तिकडे पाठवणार नाही. कारण तिथे लावता येतं तसं खाताही येतं, आणि खाण्याचा हिशोब नवख्याच्या अंगवळणी पडलेला नसतो. सहाच्या भावाला दहा पौंड खाल्लेस, तर मिळाले तर दहा, गेले तर पन्नास. बटण मात्र दोन्हींना शेजारी-शेजारी आणि तेवढंच मोठं. निळं लावायचं, गुलाबी खायचं, आणि घाईत बोट चुकलं की काय होतं याची रडगाणी मी भरपूर ऐकली आहेत. दुसरं म्हणजे छोट्या सामन्यांत पैसाच नसतो. काउंटीच्या मधल्या दिवशी भाव दिसतो छान, पण त्या भावाला समोर बारा पौंडच उभे असतात.

म्हणून माझा सल्ला असा. एक साधा, कमी गाळ्याचा परवानाधारक बुकमेकर घे, आणि एका एक्स्चेंजवर नुसती नजर ठेव, पैसे न लावता. प्रत्येक पैज वहीत लिही: कितीच्या भावाला लावली आणि सामना सुरू होताना एक्स्चेंजवर तो भाव किती होता. तू २.१० ला लावलीस आणि सुरुवातीला तो १.९५ झाला, तर तुला बाजाराआधी काहीतरी दिसलं होतं, पैज हरली असली तरी. उलट तू १.९० ला लावलीस आणि तो २.०५ वर गेला, तर जिंकलास तरी ते नशीब. थोडक्या पैजांच्या नफ्या-तोट्यावरून काही कळत नाही, या एका रकान्यावरून कळतं. आम्हीसुद्धा गिऱ्हाईक किती जिंकलं यापेक्षा हाच रकाना बघायचो. तो सातत्याने तुझ्या बाजूने दिसायला लागला तर एक्स्चेंजवर जा, मग अनेक ठिकाणी खाती ठेवून सर्वात चांगला भाव उचलायलाही शीक. नाही दिसला, आणि बहुतेकांना नाहीच दिसत, तर कुठलंच "तज्ज्ञांचं" ॲप तुला तज्ज्ञ करणार नाही. मग सिनेमाच्या तिकिटाइतका खर्च ठरव आणि तेवढ्यात मजा कर, किंवा सोडून दे.

सोडायचं झालं तर ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप आहे. एकदा नाव नोंदवलं की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं कमिशनच्या परवान्याच्या सगळ्या ऑनलाइन साइट तुला बंद. मोंझो, स्टार्लिंगसारख्या बँकांच्या ॲपमध्येही जुगाराचे व्यवहार रोखण्याचं बटण आहे. आणि सुट्टीत सोलापूरला आलास की ते खातं इथून उघडू नकोस, व्हीपीएन लावून तर मुळीच नको. कुठल्या देशातून खेळायचं नाही हे शर्तींमध्ये असतं, खातं बंद होऊन शिल्लक अडकेल.

आता सोलापूरच्या मित्राबद्दल. त्याला "अनुभवाला बसणारं" ॲप सुचवणं शक्य नाही, कारण इथे कायदेशीर असं एकही नाही. मुंबई राज्याचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदा महाराष्ट्रात आहेच. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला; पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. तुझी ती पैशांची फँटसी त्याच वेळी बंद झाली. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, पण त्याचा अर्थ ॲप वैध आहे असा होत नाही. महाराष्ट्रात कायद्याने पैज लावायची तर महालक्ष्मीचा किंवा पुण्याचा रेसकोर्स गाठावा लागतो, घोड्यांवर.

त्याच्या ॲपचं लक्षण तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरूनही कळतं, पण त्याला हे विचार: पैसे भरताना दर वेळी क्यूआर कोड बदलायचा का? खाली नाव कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी कुठल्या बाईचं, आणि "दहा मिनिटांत भरा, नंतर हा कोड वापरू नका"? तसं असेल तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत. अशा ॲपमधून पूर्वी त्याला जिंकल्याचे म्हणून थोडे पैसे आले असतील तर तेही कुणीतरी दुसऱ्याने भरलेले असू शकतात. त्या दुसऱ्याने तक्रार केली की साखळीतली सगळी खाती गोठवली जातात, आणि मग एखाद्या दूरच्या राज्यातल्या पोलिसांचा उल्लेख असलेला संदेश आपल्या नवी पेठेतल्या दुकानदाराच्या मोबाईलवर येतो. पगाराचं खातं असेल तर पगारही अडकतो.

आणि "तुमची रक्कम तयार आहे, आधी ३० टक्के टॅक्स भरा मग सोडतो" असं त्याला सांगितलं असेल, तर त्याने एक रुपयाही पुढे भरू नये. कर कापायचा असेल तर रकमेतूनच कापतात, वरून कोणी मागत नाही. ३० टक्के भरल्यावर "पडताळणी शुल्क" येतं, मग "खातं अनफ्रीझ" करायचं शुल्क. मूळ रक्कम त्या पडद्यावरचा नुसता आकडा असते. तो गेला असं समजायचं.

त्याने आजच हे करावं. ॲप काढून टाकण्याआधी सगळे स्क्रीनशॉट घ्यावेत: शिल्लक, भरणा केलेल्या प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, टेलिग्रामवरचं संभाषण, समोरच्याचं यूजरनेम. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. शेवटचा भरणा जितका ताजा तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून रविवार संपायची वाट बघू नये. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो घेऊन शहर सायबर पोलीस ठाण्यात जावं, आणि बँकेच्या शाखेतही एक लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. लाजून घरी सांगायचं टाळत असेल तर तू त्याच्या मोठ्या भावाशी बोल. झोप उडाली असेल, पुन्हा कुठून तरी पैसे उभे करून भरून काढायचा विचार चालला असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याला दे, तिथे मराठीत बोलता येतं. "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी दोन हजार द्या" असं म्हणणारे लोक तक्रार केल्यानंतरही फोन करतील. त्यांचा नंबरही त्याच तक्रारीत जोडून टाकावा.